खर्ज कुठे गेला?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आमच्या संगीताच्या बाईंनी एका ख्यालाचे ध्वनिमुद्रण सर्वांच्या मोबाइलवर पाठवले आणि वर्गात सांगितले, “गाणे नंतर ऐका. आधी नुसता तानपुरा ऐका आणि उद्या मला सांगा, खर्जाची तार कशी बोलते आहे.” मी वसतिगृहात राहते. खोलीत आम्ही चौघी. मोठ्याने काही लावण्याची सोय नाही. त्यामुळे माझे सगळे ऐकणे कानात घालायच्या इअरफोनवर चालते. तो मी बसस्टँडसमोरच्या गाडीवरून दीडशे रुपयांना घेतला होता.

त्या रात्री ते ध्वनिमुद्रण मी तीन वेळा ऐकले. षड्ज ऐकू आला, पंचम आला, जवारीचा झणझणाट तर नको इतका आला; पण खर्ज काही सापडेना. दुसऱ्या दिवशी मी उभी राहून प्रामाणिकपणे सांगितले, “बाई, खर्जाची तार वाजतच नाही.” वर्गात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत, पण माझ्या मनाला ते लागले. ज्या घरात तानपुरा कोणी जवळून पाहिलेला नाही, त्या घरातल्या मुलीचा कान कच्चाच असायचा, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढे एकदा खोलीतल्या मैत्रिणीचा तीन हजारांचा इअरफोन मागून घेतला आणि तेच ध्वनिमुद्रण लावले. काय आश्चर्य! खर्ज होता, नुसता होता असे नव्हे, सगळे गाणे त्याच्यावर बसलेले होते. म्हणजे दोष माझ्या कानाचा नव्हे, माझ्या गरिबीचा, असा दुसरा निष्कर्ष मी काढला. पण आठ दिवसांनी पुन्हा तोच महागडा इअरफोन घेतला, तर खर्ज पुन्हा गायब! मैत्रिणीला विचारले तेव्हा कळले, की आधीचे रबर तिला मोठे होत होते म्हणून तिने मधल्या काळात लहान रबर बसवले होते. तिच्या डबीतले उरलेले मोठे रबर मी माझ्या दीडशे रुपयांच्या इअरफोनला चढवले, कानात नीट बसवले, आणि खर्ज माझ्याही इअरफोनमधून बोलू लागला.

या फजितीपासून मी या विषयाच्या मागे लागले. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटलेला. तरी वाचून, विचारून आणि स्वतःच्या दोन कानांवर प्रयोग करून जे समजले, ते येथे मांडत आहे. आज कॉलेजच्या आवारात ज्याच्या कानात इअरफोन नाही असा विद्यार्थी विरळा. तेव्हा हा विषय सर्वांच्याच कानाशी लागलेला आहे असे म्हणायला हरकत नाही.

सायकलचा पंप आणि कानातली हवा

माणसाच्या कानाला साधारणपणे २० पासून २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ कंपनांचा असतो आणि त्याच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ६९ कंपनांची. हा झाला आपला हरवलेला खर्ज.

इतका खालचा आवाज खोलीभर पसरवायचा तर लाउडस्पीकरचा पडदा मोठा लागतो, कारण पुष्कळ हवा ढकलावी लागते. गणपतीच्या मंडपातले स्पीकर कपाटाएवढे असतात ते उगीच नव्हे. मग इअरफोनमधला जेमतेम १० मिलिमीटरचा पडदा खर्ज कसा देतो? त्याची रचना तर मोठ्या स्पीकरसारखीच असते: एक लोहचुंबक, त्यात तारेचे बारीक वेटोळे, आणि वेटोळ्याला चिकटवलेला पातळ पडदा. वीज मागेपुढे वाहिली की पडदा मागेपुढे हलतो.

याचे उत्तर सायकलच्या पंपात आहे. पंपाचे तोंड मोकळे ठेवून दांडा दाबला तर हवा फुस्सकन निघून जाते, हाताला काही लागत नाही. तोंडावर बोट घट्ट धरून दाबला तर दांडा थोडासा सरकताच आतला दाब बोटाला जाणवतो. रबराची टोपी कानाच्या नळीत घट्ट बसली, की टोपी आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये चिमूटभर हवा कोंडली जाते. एवढ्याशा हवेवर दाब आणायला एवढासा पडदाही पुरतो. त्यामुळे घरातल्या चांगल्या स्पीकरलाही जे जड जाते, ते अगदी तळाचे आवाज चांगला बसलेला इअरफोन सहज देतो.

मात्र टोपीच्या कडेला केसाएवढी फट राहिली, तर सगळा डाव उलटतो. खर्जाची कंपने संथ असतात; पडदा पुढे येईपर्यंत दबलेल्या हवेला त्या फटीतून निसटायला भरपूर वेळ मिळतो. वरच्या सुरांची कंपने इतकी जलद, की हवेला निसटायला सवडच मिळत नाही. म्हणून फटीतून गळतो तो फक्त खर्ज. वरचे सूर जागच्या जागी राहतात. डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो, चाट मात्र टणटण लागते. आपण म्हणतो, इअरफोन पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. वस्तुतः इअरफोन बरा असतो. तो कानात बसलेला नसतो.

मग हे आपल्या लगेच लक्षात का येत नाही? याचे कारण आपल्या मेंदूत आहे. साध्या टेलिफोनमधून पूर्वीपासून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जात आला आहे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर त्याच्या कितीतरी खाली असतो, म्हणजे तो तारेतून येतच नाही. तरीही फोनवर वडील बोलत आहेत की आई, हे आपण ओळखतो. कोणताही सूर एकटा येत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर त्याच्याबरोबर असतात. त्या उपस्वरांच्या अंतरांवरून मेंदू न आलेला मूळ स्वर ताडतो. उत्तर माहीत असलेला विद्यार्थी फळ्यावरचे पुसलेले अक्षर वाचतो, तसाच हा प्रकार.

तानपुरा तर उपस्वरांचे भांडारच. घोडीच्या सपाट पाठीवर तार आणि तिच्याखाली सरकवलेला सुताचा दोरा यांमुळे जवारी निघते आणि एका तारेतून उपस्वरांची रांग उभी राहते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीचा अभ्यास करून दाखवले होते, की नेहमीच्या तारेच्या नियमाने जे उपस्वर उमटू नयेत तेही या वाद्यांत उमटतात. मिरजेच्या ज्या कारागिरांच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचे मोठे कसब या जवारीतच असते. माझ्या सैल इअरफोनने हे उपस्वर मला पुरेपूर दिले, आणि मूळ खर्ज तेवढा गाळला. म्हणून तानपुरा वाजतो आहे हे कळत होते, पण त्याचा पाया लागत नव्हता.

इअरफोन नीट बसला की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. दोन्ही बाजू कानात घालून, गाणे न लावता, स्वतःशी ‘अं’ म्हणावे. स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमला तर टोपी बसली. एकाच कानात घुमला तर दुसरीकडे फट आहे. पुष्कळांचे दोन्ही कान सारखे नसतात; माझ्या उजव्या कानाला मोठे रबर लागते आणि डाव्याला मधले. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी किंचित वर आणि मागे ओढली म्हणजे नळी सरळ होते आणि टोपी आत जाते. स्पंजची टोपी असेल तर ती बोटांत वळून बारीक करावी, कानात घालावी आणि फुगेपर्यंत धरून ठेवावी. टोपीच नसलेले, कानाच्या खळग्यात नुसते टेकणारे इअरफोनही मिळतात. त्यांत अशी हवा कोंडलीच जात नाही. त्यांच्याकडून खर्जाची फार अपेक्षा ठेवू नये. एक बाजू हळू वाजू लागली तर बिघाडाआधी जाळी पाहावी; बहुधा तिथे मळ बसलेला असतो.

कान ही सुद्धा एक नळी

खर्जाचा हिशेब असा लागला. आता वरच्या सुरांकडे वळू. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि आतल्या टोकाला पडद्याने बंद. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की बाटलीचा स्वतःचा एक सूर निघतो. तशी ही नळीही ३००० हर्ट्‌झच्या आसपासचे आवाज आपणहून मोठे करते. बोलण्यातली स्पष्टता आणि गाण्यातली धार पुष्कळशी याच भागात असते. जन्मापासून आपण जग या नळीतूनच ऐकत आलो, म्हणून ही वाढ आपल्याला स्वाभाविक वाटते.

इअरफोन घातला की नळीचे बाहेरचे तोंड बंद होते आणि ही नैसर्गिक वाढ नाहीशी होते. तेव्हा चांगल्या इअरफोनने ती स्वतःच्या आवाजात भरून द्यावी लागते. कमी दिली तर गायक पडद्याआडून गातो आहे असे वाटते. जास्त दिली तर ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. शिवाय दोन्ही टोकांना बंद झालेल्या नळीचा नवा सूर ७-८ हजार हर्ट्‌झच्या आसपास उमटतो, आणि प्रत्येकाच्या नळीची लांबी निराळी असल्यामुळे तो प्रत्येकाला निराळ्या जागी ऐकू येतो. एकाला जो इअरफोन गोड वाटतो तो दुसऱ्याला कर्कश का वाटतो, याचे एक कारण हे आहे. तेव्हा इअरफोनवरून भांडणाऱ्या मित्रांनी दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता लक्षात घ्यावी.

पैशाचा प्रश्न मला अधिक जिव्हाळ्याचा. ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोन आणि इअरफोन यांची मोजमापे त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. कोणता सूर किती मोठा वाजतो हे दाखवणारा आलेख आणि किंमत यांचा एकमेकांशी संबंध त्यांना आढळला नाही. हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सुमारास अनेक श्रोत्यांना नाव आणि किंमत न कळू देता इअरफोनचे आवाज ऐकवले. चांगल्या खोलीत चांगला स्पीकर जसा वाजेल त्याच्या जवळचा आणि खर्ज थोडा अधिक असलेला आवाज बहुतेकांनी पसंत केला. म्हणजे गोड आवाज कशाला म्हणावे यावर श्रोत्यांचे बरेचसे एकमत आहे. दुकानातल्या किमतीचे मात्र त्याच्याशी एकमत नाही.

याचा अर्थ सर्व इअरफोन सारखे असा नव्हे. दीडशे रुपयांच्या माझ्या इअरफोनची वायर दोनदा तुटली आणि त्याच्या दोन बाजू सारख्या वाजत नाहीत. महागाच्या वस्तूत टिकाऊपणा, सुबक बैठक, निरनिराळ्या मापांची रबरे मिळण्याचा संभव अधिक. पण बहुतेक इअरफोनच्या डबीत दोन-तीन मापांची रबरे येतात आणि बहुतेक लोक ती न उघडताच टाकून देतात. माझ्या मते डबीतली सर्वांत मोलाची वस्तू तीच.

इअरफोन देईल तेवढेच, जेवढे आत आहे

एक गोष्ट थोडक्यात सांगून पुढे जाते. इअरफोन कितीही चांगला असला तरी ध्वनिमुद्रणात नसलेला आवाज तो आणू शकत नाही. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायकाला भोंग्यात गावे लागे, आणि भोंगा खर्जही गाळी व वरचे सूरही. त्या काळच्या तबकड्या आजच्या उत्तम इअरफोनवर ऐकल्या तर खरखर तेवढी अधिक स्वच्छ ऐकू येते! १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती लागते. एमपी-३ च्या फाइलमध्ये ती ३२० किंवा १२८ वर आणतात. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानाला तसाही ऐकू येत नाही, हे जाणून तोच भाग गाळायचा, ही त्यातली युक्ती. ब्लूटूथवरही असाच काटछाटीचा व्यवहार होतो. ३२० ची फाइल आणि सीडी यांतला फरक मला ओळखता आला नाही. फट असलेले आणि नसलेले रबर यांतला फरक मात्र माझ्या खोलीतल्या चौघींनाही ओळखता आला.

गोंगाट आणि गाणे

इथपर्यंत सर्व ठीक होते. पण दिवाळीच्या सुटीत घरी गेले आणि या विषयाची दुसरी बाजू समोर आली.

माझे गाव इचलकरंजी. पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमुळे आमच्या गावाचे नाव ख्याल गायकीच्या इतिहासात कायमचे गेले. त्यांच्याच हयातीत, १९०४ साली, गावात पहिला यंत्रमाग बसला. आज गावाची ओळख विचाराल तर लोक मागच सांगतील. माझे वडील, अण्णा, पंचवीसहून अधिक वर्षे मागावर उभे आहेत आणि दादाही आता तेच काम करतो.

दादाला जेवणाचा डबा द्यायला शेडमध्ये गेले तेव्हा त्याच्या कानात इअरफोन होते. धोट्याच्या खटाखटीत मला स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता! बाहेर आल्यावर त्याला विचारले, तर तो म्हणाला, “मागाचा आवाज नको वाटतो गं, म्हणून गाणी लावतो. पाळी कशी सरती, कळत न्हाई.” त्याचेही म्हणणे खोटे नव्हते.

पण आता मला हिशेब करता येत होता. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. तिचा हिशेब निराळा असतो. ३ डेसिबल वाढले की आवाजातली शक्ती दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे कानाला चालते. दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा करत जायचा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच, आणि ९५ ला सव्वा तास. आणि तोही आठवड्याचा! आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या कामाला ९० डेसिबलची मर्यादा धरलेली आहे, आणि यंत्रमागाच्या शेडमधला गोंगाट तिच्याही वर जातो. त्या गोंगाटातून गाणे ऐकू यायचे तर ते निदान त्याच्या बरोबरीने वाजले पाहिजे. म्हणजे ९५ डेसिबल धरले तरी दादाच्या कानाचा आठवड्याचा शिधा सोमवारी पहिल्या चहाच्या आत संपतो.

शेडमध्ये न जाणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. एस.टी.त खिडकीशी बसून आपणही हेच करतो. इंजिनाची घरघर मुख्यतः खालच्या सुरांत असते. ती गाण्याचा खर्ज झाकते. आपण आवाज वाढवतो. गाडी थांबली की गाणे किती मोठे होते हे कळून दचकतो. सैल रबर असेल तर हे दुहेरी होते: आतला खर्ज बाहेर गळतो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. २०२२ साली याच संघटनेने सांगितले, की १२ ते ३५ वयाच्या १०० कोटींहून अधिक लोकांच्या श्रवणशक्तीला मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे धोका आहे. आपले सगळे कॉलेज या वयात मोडते.

घट्ट बसणाऱ्या टोपीचा दुसरा आणि मोठा उपयोग येथे आहे. ती बाहेरचा गोंगाट २० डेसिबलच्या आसपास अडवू शकते. मग गाणे हळू लावूनही पुरते. काही इअरफोन बाहेरच्या आवाजाच्या बरोबर उलट्या लहरी काढून तो खोडून टाकतात. अमर बोस यांनाही १९७८ साली विमानप्रवासात ही कल्पना सुचली होती. इंजिनाच्या अखंड घरघरीवर ती चांगली चालते; अचानक होणाऱ्या खटक्यांवर कमी. अर्थात रस्त्याने चालताना अशी कानबंदी करून घेणे म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला निमंत्रण देणे. ते करू नये.

अण्णांचे टाळ

कान बिघडतो म्हणजे काय होते, हे मला घरीच पाहायला मिळाले. कानाच्या आतल्या शंखात सुमारे १५,००० केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्यांचे केस डोलतात आणि मेंदूकडे निरोप जातो. मोठ्या आवाजाने त्या मोडतात आणि मोडलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. गोंगाटाचा पहिला घाव बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपास पडतो. याचे एक कारण असे मानतात, की कानाची नळी ३००० च्या आसपासचे आवाज आपणहून मोठे करते आणि मार त्याच्या थोडा वर बसतो. जी नळी गाण्याला धार देते, तीच गोंगाटालाही धार देते.

अण्णा भजनी मंडळात टाळ वाजवतात. त्या सुटीत मी त्यांच्या कानात माझा इअरफोन बसवला, रबर नीट लावले, आणि पं. भीमसेन जोशींचा एक अभंग लावला. अण्णांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणाले, “आवाज ब्येस लागतोय. पखवाज बी लागतोय. पर टाळ का वाजवंनात ही माणसं?”

टाळ वाजत होते. माझ्या कानातल्या दुसऱ्या बाजूला ते स्वच्छ ऐकू येत होते. मी मोबाइलवर आवाज वाढवला, तर अण्णा म्हणाले, “बास, कान फुटतील.” खालचे सूर त्यांना पूर्ण ऐकू येत होते, त्यामुळे आवाज वाढवला की तेच मोठे होत, आणि टाळ जिथल्या तिथे.

तेव्हा मला अनेक गोष्टी उलगडल्या. अण्णा हाक मारल्यावर वळतात, पण काय म्हटले ते पुन्हा विचारतात. आम्ही घरातले म्हणत असू, “ऐकू येतंय की तुम्हाला, लक्ष नसतं.” क, च, त, स यांसारखी व्यंजने वरच्या सुरांत असतात, ती गेली की बोलणे ऐकू येते, पण शब्द वेगळे करता येत नाहीत. माझा खर्ज एका रबराने परत आला. अण्णांचे टाळ कोणत्याही रबराने परत येणार नव्हते.

पुढे त्यांच्या कानाची तपासणी केली. डॉक्टरांनी दाखवलेल्या कागदावरची रेघ २००० पर्यंत बरी चालली होती आणि ४००० पाशी खड्ड्यात उतरली होती. आता त्यांना कानाचे यंत्र मिळाले आहे. त्यात आवाज देणारा जो इवलासा भाग असतो, तो पडद्याच्या स्पीकरपेक्षा निराळा: दोन चुंबकांच्या मधोमध तोललेली लोखंडाची पट्टी, आणि तिच्या हालचालीने हलणारा पडदा. ही जात मूळची टेलिफोन आणि श्रवणयंत्रांची. मीड किलियन हे श्रवणयंत्रांच्या क्षेत्रात काम केलेले अमेरिकन तंत्रज्ञ. त्यांच्या एटिमोटिक रिसर्च या कंपनीने १९९१ साली अशाच भागाचा उपयोग करून संगीतासाठी कानात खोल बसणारा इअरफोन काढला, आणि आज पुष्कळ महागड्या इअरफोनांत हीच जात वापरतात. तेव्हा गायकांच्या कानातला इअरफोन आणि अण्णांच्या कानातले यंत्र ही जवळची भावंडे आहेत. एक चांगल्या कानाला सूक्ष्म ऐकवते, दुसरे बिघडलेल्या कानाला जमेल तेवढे. यंत्र लावल्यापासून अण्णांची पहिली तक्रार भांड्यांच्या आवाजाची होती. टाळ थोडे लागतात म्हणतात, “पर आपल्या टाळावानी न्हाईत.”

दादाला मी स्पंजची साधी कानबुचे आणून दिली. त्यांची किंमत काही रुपये. ती कशी वळून घालायची हे मी त्याला इअरफोनच्या टोपीवरूनच शिकवले. मागाचा ठोका त्यातूनही कळतो, फक्त दुरून आल्यासारखा वाटतो. गाणी शेडमध्ये नको, घरी आल्यावर ऐक, असे सांगितले. दोन दिवस घातली आणि खाज येते म्हणून काढली. मी पुन्हा सांगितले. आईलाही सांगायला लावले. सध्या तो ती घालतो असे फोनवर सांगतो. पुढच्या सुटीत डबा घेऊन मी स्वतःच पाहायला जाणार आहे.

मित्रमैत्रिणींनो, चांगला आवाज विकत घ्यायला निघण्यापूर्वी डबीतली उरलेली रबरे काढून पाहा. ‘अं’ म्हणून पाहा. खर्ज सापडला, की आवाज दोन घरे खाली आणा. बसलेल्या इअरफोनला तेवढा पुरतो. आणि शेजारच्याला तुमचे गाणे ऐकू जात असेल, तर ते मुळात तुमच्याच कानाला फार होत आहे असे समजा. इअरफोन तुटला तर स्टँडसमोर दुसरा मिळतो.

बाईंना मी नंतर सर्व हकिकत सांगितली. त्यांनी माझा दीडशे रुपयांचा इअरफोन, मोठे रबर लावून, स्वतःच्या कानात घातला, तानपुरा ऐकला, आणि मला विचारले, “मग आता सांग, खर्ज कसा बोलतो आहे?” मी म्हटले, “बाई, थोडा चढा आहे.” त्या म्हणाल्या, “बरोबर.”